किक मारण्याआधी प्लग बघ

पत्राचा सारांश : लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या एका वाचकाने चिपळूणजवळच्या गावातून लिहिलं आहे. वडिलांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक मोटारसायकल घराच्या पडवीत २०१२पासून ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्या आवाजावर तो लहानाचा मोठा झाला. आता चिपळूण बाजारपेठेतला ओळखीचा एक जण आपली आरएक्स विकतोय. तिची 'डर्ट', म्हणजे मातीत उडवायची गाडी, केलेली आहे : लांब फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), बटण टायर, चेंबर सायलेन्सर, इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा पंप काढून टाकलेला. किंमत ७०,००० रुपये. नोंदणीची मुदत २०१९मध्ये संपली आहे. विकणारा म्हणतो, "टू-स्ट्रोकमध्ये असतं काय? पिस्टन, रॉड आणि क्रँक. घरी खोलता येतं." वाचकाने ९०,००० रुपये साठवलेत. वडील म्हणतात, "ती आणू नकोस, आणि पडवीतलीला हातही लावू नकोस." त्याचे प्रश्न असे : घेऊ का? घेतली तर सांभाळू कशी? पेट्रोलमध्ये जरा जास्त ऑइल घातलं तर इंजिन सुरक्षित राहील ना? आणि वडिलांना पटवू कसं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, तुला सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, गाडी उडवायची आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सड्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास आणि स्पर्धेबद्दल शेवटी एक. बाकी सगळं पत्र त्या आवाजाबद्दल, सकाळच्या थंडीत येणाऱ्या जळक्या ऑइलच्या वासाबद्दल आणि वडील टाकीवर पुढे बसवून बहादूरशेख नाक्यापर्यंत न्यायचे त्याबद्दल आहे. म्हणून 'घेऊ का' याचं उत्तर देण्याआधी मी तुलाच विचारतो : तुला मातीत गाडी चालवायला शिकायचंय, की तुला ते इंजिन हवंय? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण त्यांच्यासाठी लागणारी गाडी एक नाही. या दोघींची गल्लत झाली की माणूस ७०,००० रुपये देऊन दोन्हींतलं काहीच पदरात पाडून घेत नाही. हे मी पाहिलंय, आणि स्वतः केलंही आहे.

विकणाऱ्याच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते वाक्य खरं आहे. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या दोनच धावांत काम उरकणाऱ्या इंजिनात, आजच्या बहुतेक गाड्यांतल्या फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. आरएक्सचं सिलिंडर ५० मिलीमीटर व्यासाचं, पिस्टनची धावही ५० मिलीमीटरच. हिशेब केलास तर ९८ सीसी येतात. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, चार नटांवर बसतं. हाताला सवय असलेला माणूस तासाभरात सिलिंडर बाहेर काढतो. पण सोपं आहे म्हणजे सोशीक आहे, असं मात्र नाही. फोर-स्ट्रोकच्या पोटात लिटरभर ऑइल असतं आणि ते फिरत राहतं. मालकाने आठवडाभर दुर्लक्ष केलं तरी ते इंजिन सहन करतं. टू-स्ट्रोकच्या क्रँकला (पिस्टनची वर-खाली धाव फेऱ्यात बदलणाऱ्या दांड्याला) आणि पिस्टनला मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर आत येणारं, थेंबाथेंबाचं ऑइल. तो पुरवठा एकदा चुकला की त्याच मिनिटाला चुकतो. म्हणून जुनी टू-स्ट्रोक विकत घेतोस तेव्हा तू आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतोस. त्याने ऑइल मोजून घातलं का, घाईत अंदाजाने ओतलं का, एअर फिल्टर फाटल्यावर 'राहू दे, हवा जास्त मिळेल' म्हणाला का, हे सगळं त्या सिलिंडरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. बाहेरून रंग, टायर आणि सीट दिसते. भिंत दिसत नाही.

माझी पहिली आरएक्स अशीच होती. १९९९ साली सेकंडहँड घेतली, तिचाही ऑइल पंप काढलेला होता. विकणाऱ्याने सांगितलं, पेट्रोलमध्ये मिसळायचं, बाकी काही नाही. मी इमानदारीने मिसळत होतो. कऱ्हाडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो, दुसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण बंद, इंजिनच्या ब्रेकवर. अर्धा घाट उतरल्यावर मागचं चाक क्षणभर जाम झालं. डावा हात क्लचवर होता म्हणून वाचलो. कारण मला नंतर कळलं. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद. ऑइल पेट्रोलातच असेल तर तेही बंद. इंजिन मात्र उतारामुळे जोरात फिरतंय. मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने घाट उतरताना थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटलचा एक झटका द्यायचा असतो, म्हणजे आत ऑइलचा घोट जातो. आणि पूर्ण उतारभर दोन बोटं क्लचवर ठेवायची. तुझ्या घरापासून कुठेही जायचं म्हटलं तरी घाट आहे, म्हणून हे सगळ्यांत आधी सांगितलं.

आता जास्त ऑइलचा प्रश्न. हा गैरसमज फार जणांचा असतो आणि तो चांगल्या हेतूने झालेला असतो. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे त्यातलं बारीक भोक, ठरावीक मापाचं द्रव सोडतो. त्यात ऑइलचं प्रमाण वाढवलंस की पेट्रोलचं तेवढं कमी होतं. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, मिश्रण 'लीन' होतं आणि पिस्टन जास्त तापतो. शिवाय न जळलेलं ऑइल पिस्टनच्या रिंगच्या खाचेत, एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरच्या जाळीत कार्बन होऊन बसतं. रिंग चिकटली की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं. थोडक्यात, भीतीपोटी घातलेलं ऑइलच इंजिन खातं. आरएक्ससारख्या हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाला मी चांगल्या प्रतीचं टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) ऑइल, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी ही प्रत लिहिलेलं, लिटरमागे ३० मिली घालतो. इंजिन नुकतं बांधलेलं असेल तर पहिल्या दोन-तीन टाक्यांना ४० मिली. औषधाच्या दुकानात मिळणारी सिरिंज वापर. झाकणाने मोजू नकोस, आणि पंपावरच्या मुलाला 'टाक जरा' असं कधीही सांगू नकोस. आधी कॅनमध्ये मिसळायचं, हलवायचं, मग टाकीत ओतायचं.

मुळात पंप काढावा का? आरएक्समध्ये यामाहाने बसवलेला ऑटोल्यूब पंप इंजिनाचे फेरे आणि थ्रॉटल दोन्ही पाहून ऑइल सोडतो. लोक तो काढतात, कारण एखाद्या ओळखीच्याचा पंप बिघडून इंजिन गेलेलं असतं. पण पंप बिघडण्यापेक्षा माणूस विसरण्याची शक्यता मला जास्त वाटते. भाऊ गाडी घेऊन गेला, पेट्रोलपंपावर साधं पेट्रोल भरलं, दोन किलोमीटरवर इंजिन जाम, हे मी अनेकदा ऐकलंय. घरातली गाडी दोघं-तिघं चालवणार असतील तर पंप असावा. त्याची केबल नीट जुळलेली असावी आणि ऑइलच्या टाकीची काच रोज पाहावी.

पेट्रोलबद्दल आणखी एक गोष्ट, जी १९९४मध्ये कुणाला विचारात घ्यावी लागली नव्हती. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप लीन होतं. तीस वर्षांपूर्वीच्या रबराला, म्हणजे पेट्रोलच्या नळीला, कॉकच्या वॉशरला, फ्लोटच्या सुईच्या टोकाला ते फुगवतं किंवा कडक करतं. आणि ते पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धी भरलेली टाकी दोन महिने उभी ठेवलीस तर तळाला पाणी आणि गंज मिळेल. उपाय अवघड नाहीत. सगळी रबरं नवी, इथेनॉल सोसणारी घालायची. मुख्य जेट एक-दोन नंबरांनी मोठा लागतो का, ते प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, बघून ठरवायचं. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची.

'प्लग बघून' म्हणजे काय, तेही सांगतो. टू-स्ट्रोकच्या मालकाने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. गाडी चांगली तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं अंतर जायचं. मग एकाच वेळी क्लच दाबायचा आणि किल्ली बंद करायची. गाडी थांबवून प्लग काढायचा. चॉकलेटी तपकिरी रंग आला तर सगळं ठीक. काळा आणि ओला आला तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरा किंवा राखाडी खडूसारखा आला तर त्याच क्षणी गाडी चालवणं थांबव आणि कारण शोध. पांढऱ्या प्लगवर घरी येऊ म्हणणारा माणूस घरी ढकलत येतो.

आता त्या ७०,००० रुपयांच्या गाडीकडे वळू. ती बघायला जाशील तेव्हा आधी फोन करून सांग की इंजिन थंड ठेवा, मी आल्यावर पहिली किक मारू. गरम इंजिन पुष्कळ काही लपवतं. पोचल्यावर किक मारण्याआधी प्लग काढून बघ. नंतर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी बघ. ती कमी असेल आणि गाडी चालू झाल्यावर पांढरा-निळा धूर पाच मिनिटांनंतरही थांबत नसेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील (ऑइल आणि हवा अडवणारी रबरी कडी) गेलंय आणि इंजिन गिअरचं ऑइल पितंय. हे समजायला सोपं आहे. दुसऱ्या बाजूचं, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटकडचं सील जास्त घातक, कारण तिथून धूर येत नाही, हवा आत येते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली न येता वरच रेंगाळत राहिलं, आयडलिंग आपोआप चढलं-उतरलं, तर तिथे शंका घ्यायची. खात्री करायची तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये (क्रँक बसतो त्या पेटीत) ६ पौंड दाबाची हवा भरतात आणि काही मिनिटं काटा खाली येतो का पाहतात. हे करायला तयार असलेला मेकॅनिक तुला सापडला तर त्याला सोडू नकोस.

कॉम्प्रेशन मोजायला गेज लावायचं तर थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ किका मारायच्या. माझ्या अनुभवात आरएक्सला ११०-१२० पौंड मिळाले तर बरं, ९०च्या खाली गेलं तर बोअरचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठं करण्याचं, काम आलंच समज. विकणारा हेड उघडू देत असेल तर पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाच. २५, ५०, ७५ किंवा १०० असेल तर सिलिंडर अनुक्रमे ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १ मिलीमीटर वाढवलेलं आहे. १०० दिसलं तर पुढच्या वेळी बोअर नाही, थेट नवीन स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरची आतली नळी. तिथेच बाणही असतो, तो एक्झॉस्टकडे असायला हवा. उलटा दिसला तर हे इंजिन ज्याने बांधलं त्याने आणखी काय काय केलं असेल, याचा विचार कर. हेड उघडायला साफ नकार मिळाला तर हरकत नाही, त्याचा तो हक्क आहे. पण मग किंमत 'इंजिन बांधायला झालेली गाडी' अशी धरायची. बोअर, पिस्टन, क्रँकचा रॉड, बेअरिंग, सगळी सीलं आणि मजुरी हा खर्च मनातल्या मनात वजा करायचा आणि उरेल ती रक्कम बोलायची.

चिपळूण म्हणून एक खास तपासणी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत किती चढलं होतं ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. ही गाडी तेव्हा कुठे होती, ते सरळ विचार. उत्तर काहीही मिळो, हेडलाइट उघडून आतली वाटी बघ, स्पीडोमीटरच्या काचेच्या कडेला बघ, मॅग्नेटचं कव्हर काढता आलं तर त्याच्या कोपऱ्यात बोट फिरव. पुराची माती पिठासारखी बारीक असते, ती धुऊन जात नाही. पुरात बुडालेली टू-स्ट्रोक त्याच आठवड्यात खोलली नसेल तर तिच्या क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे डाग पडलेले असतात. ते आज आवाज करत नसतील, पण भर रस्त्यात करतील.

पण इंजिनापेक्षाही मला काळजी वाटते ती त्या लांब फोर्कची. आरएक्सची फ्रेम रस्त्यासाठी बनवलेली आहे. पुढे लांब फोर्क घातले की स्टिअरिंगचा कोन बदलतो, आणि उडीवरून खाली येताना सगळा दणका फ्रेमच्या नेकवर, म्हणजे फोर्क जिथे फ्रेमला जोडतात त्या जागेवर, जातो. मागे शॉकॲब्सॉर्बरच्या जागा हलवल्या असतील तर स्विंगआर्मवर वेल्डिंग असणार. टाकी उतरवून नेकच्या खालचं वेल्डिंग बघ. रंग तडकल्याची केसाएवढी जरी रेघ दिसली तरी तिथून परत ये, किंमत कितीही खाली आली तरी. इंजिन बंद पडलं तर तू घरी चालत येशील. नेक तुटली तर तुला उचलून आणावं लागेल.

चेंबर सायलेन्सरही नवशिक्यासाठी चांगला नाही. त्याचं काम आवाज करणं नव्हे. फुगीर नळीतून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, आणि हे ठरावीक फेऱ्यांवरच जमतं. कुणीतरी अंदाजाने बनवलेल्या चेंबरमुळे खालची ताकद जाते आणि वर एकदम लाथ बसते. ओल्या मातीत वळणावर हे नको असतं. कंपनीचा सायलेन्सर, आतल्या जाळीचा कार्बन जाळून साफ केलेला, हाच शिकायला उत्तम.

कागदांचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८मधलं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकात जी गाडी लिहिलीय तिच्याशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. या गाडीचे बदल काढल्याशिवाय ती आरटीओच्या तपासणीला उभी राहू शकत नाही. तपासणी झाल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण नाही. ते नाही तर विमा आणि पीयूसी नुसते नावाला. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेऊन गाडी नावावर करू, असं तो म्हणेल, पण मुदत संपलेल्या नोंदणीचं हस्तांतर आणि तेही असे बदल केलेल्या गाडीचं, यात तू वर्षभर हेलपाटे घालशील. दरम्यान वाटेत कुणाला धक्का लागला तर भरपाई तुझ्या पगारातून जाईल. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : ही गाडी या किमतीला घेऊ नकोस. निम्म्या किमतीला मिळाली तरी तिला सुट्या भागांचं खोकं समजून घे, चालवायची गाडी समजून नव्हे.

मग पर्याय काय? तुझी खरी इच्छा मातीत चालवायला शिकण्याची असेल तर टू-स्ट्रोकचा हट्ट सोड. हिरोची २०११ची इम्पल्स किंवा २०१९ला आलेली एक्सपल्स २०० सेकंडहँड बाजारात मिळतात. एक्सपल्सचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलीमीटर आहे, सस्पेन्शन त्याच कामासाठी बनवलंय, कागद सरळ आहेत, सुटे भाग सहज मिळतात. वजन दीडशे किलोच्या पुढे आहे, आरएक्सच्या तुलनेत बरंच जास्त, हे खरं. पण पडलेली गाडी उचलायला शिकणं हाही शिकण्याचा भागच आहे. तुझ्या ९०,०००मधले १५-२० हजार आधी बाजूला काढ : हेल्मेट, गुडघ्यांची आणि कोपरांची कवचं, छातीचं कवच, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट. गाडी दोन महिन्यांनी आली तरी चालेल, बूट आधी यायला हवेत. आणि एखाद्या शनिवार-रविवारी नीट शिकवणाऱ्या माणसाकडे जा. पुण्या-नाशकात डर्टच्या शर्यती होतात, तिथे उतरणाऱ्या मुलांना विचारलंस तर शिकवणारे सापडतील. दोन दिवस त्यांच्याच गाडीवर चालवून बघ. त्यानंतरही हात शिवशिवत राहिले तर स्पर्धेचा विचार कर.

सड्याबद्दल एक विनंती आहे, आणि ती मी मनापासून करतो. कातळ मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२मध्ये गेली. अनेक जागी ती अजून गवताखाली आणि मातीच्या पातळ थराखाली असतात. त्याच थरावर पावसाळ्यात चार महिने फुलणाऱ्या इवल्या वनस्पती जगतात. बटण टायरने एकदा तो थर उकरला की जांभ्यावर माती पुन्हा साठायला पिढ्या जातात. शिकायला भातकापणीनंतरचं खाचर घे, मालकाला विचारून. बंद पडलेली चिऱ्याची खाण चालेल, तीही विचारूनच. मऊ जमिनीवर पडायलाही बरं असतं.

पण तुला ते इंजिन हवं असेल, आणि पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर ते तुझ्या पडवीत आहे. आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, म्हणजे तुझ्या घरातली शेवटच्या काही वर्षांतली आहे. तिचा मालक एकच, कागद एकाच नावावर, कुणी कापलेली नाही, वेल्डिंग केलेली नाही. बाजारात आज अशी गाडी शोधणारे गावोगाव फिरताहेत. तिला डर्ट करू नकोस. कंपनीने बनवली तशीच उभी कर, फार तर मागचं-पुढचं टायर जरा खोल नक्षीचं घाल. तुझ्या गावच्या लाल मातीच्या रस्त्यांना ती पुरेशी आहे. २०१२पर्यंत ती त्याच रस्त्यांवर चालत होती ना?

ती बसल्या बसल्या सुरू होईल असं मात्र समजू नकोस. इतकी वर्षं कोकणच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये ऑइल साठलेलं नसतं, उरलेला पातळ थरही केव्हाच सुकतो. बेअरिंगवर गंज असण्याची शक्यता धरूनच चल. इंजिन पूर्ण खोलून क्रँकची बेअरिंग आणि दोन्ही सीलं बदलायची, रॉड वर-खाली हलतो का बघायचं (बाजूला किंचित हलला तर चालतं, वर-खाली मुळीच हलता कामा नये), टाकीचा गंज काढायचा, कोनसेट, स्विंगआर्मचे बुश, ब्रेक लायनर, चेन-स्प्रॉकेट आणि सगळं वायरिंग तपासायचं. हे चार महिन्यांचं आणि टप्प्याटप्प्याच्या खर्चाचं काम आहे. घाई न करणारा मेकॅनिक शोध, त्याच्या शेजारी बसून हात काळे कर आणि प्रत्येक भाग काढताना मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव. कागदांसाठी नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म २५, आरटीओची तपासणी, जुन्या गाडीचा पर्यावरण कर, साचलेला दंड आणि नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. किती रक्कम होते ते आधी आरटीओत जाऊन विचारून ये, मग इंजिनाला हात घाल.

नंतरचं सांभाळणं म्हणजे मुख्यतः सवयी. सकाळी सुरू केल्यावर सिलिंडरच्या फिन्स (बाहेरच्या थंड करणाऱ्या पट्ट्या) हाताला कोमट लागेपर्यंत थ्रॉटल पिळायचं नाही. इंजिन थंड असताना पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगतो आणि तिथेच घासतो. फोमचा एअर फिल्टर धुळीतल्या प्रत्येक फेरीनंतर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, ऑइल लावून पिळून बसवायचा. आपल्याकडची लाल धूळ सँडपेपरसारखी असते आणि तुझं सिलिंडर ५० मिलीमीटरचंच आहे. गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद. गिअरबॉक्समध्ये टू-टी नाही आणि कारचं ऑइलही नाही, क्लच तिथेच भिजत असतो, तो घसरायला लागेल. दोन-तीन हजार किलोमीटरला हेड उघडून कार्बन लाकडी पट्टीने खरवडायचा, स्क्रूड्रायव्हरने नाही. पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल, दोन-चार हलक्या किका आणि सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी.

राहिले वडील. तू 'पटवू कसं' असं विचारलंस, मला वाटतं आधी विचारायला हवं. २०१२मध्ये ती गाडी का थांबली, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. बहुधा तुलाही माहीत नसावं. ज्या माणसाने गाडी विकली नाही, भंगारात दिली नाही, इतके पावसाळे ताडपत्री बदलत राहिला, त्याचं 'हात लावू नकोस' नुसत्या रागातून येत नाही. कदाचित घाटात काही झालं असेल, कदाचित पैशांची अडचण होती, कदाचित तुझ्या आईला दिलेला शब्द असेल. मला अंदाज बांधायचा नाही. नोंदणी त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या सहीशिवाय आरटीओत एक कागदही हलणार नाही, आणि तसंच असायला हवं. त्यांच्या पाठीमागे ताडपत्री काढू नकोस. बाजारपेठेतली गाडी घेत नाहीये, असं आधी सांग. त्यांची अर्धी काळजी तिथेच उतरेल. मग एखाद्या संध्याकाळी, गाडीचं काही न मागता, ती थांबली त्या दिवशी काय झालं होतं ते विचार आणि ऐकून घे. ते नाही म्हणाले तर ते उत्तर समज आणि एक्सपल्सकडे जा.

हो म्हणाले तर पहिल्या दिवशी किक मारू नकोस, हे त्यांनाही सांग. प्लग काढा, भोकातून दहा मिली टू-टी ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. पिस्टन हलला तर आवाज ऐका : खरखर आली की थांबा. हललाच नाही तर जोर लावू नका, आणखी ऑइल सोडून दोन दिवस थांबा. चाक कुणी फिरवलं आणि आतून कसा आवाज आला, ते मला कळव.